लहान मुलांच्या कोरोनरीत अरुंदपणा : स्टेंट का नाही, बायपास कधी?

शेवंती :

भाच्याबद्दल लिहितेय. सव्वातीन वर्षांचा आहे. धावतो, पडतो, भांडतो, बघणाऱ्याला काही कळायचंही नाही. सात महिन्यांचा असताना त्याला कावासाकी (लहान मुलांत रक्तवाहिन्यांना सूज आणणारा तापाचा आजार) झाला. ताप उतरत नव्हता, पण बाकीची लक्षणं अर्धवटच होती, त्यामुळे निदानाला उशीर झाला. आयव्हीआयजी (त्यावरचं शिरेतून द्यायचं अँटिबॉडीचं औषध) दिलं तोवर डाव्या कोरोनरीच्या, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या वाहिनीच्या, पुढच्या फांदीवर (एलएडी) मोठा अन्युरिझम, म्हणजे फुगवटा, तयार झाला होता. तेव्हापासून गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि वॉर्फरिन चालू आहे.

आता नव्या सीटी अँजिओत त्या फुगवट्याच्या खालच्या तोंडाशी वाहिनी अरुंद झालेली दिसली. त्याचे डॉक्टर म्हणतात, आत्ता स्टेंट नाही, बलून नाही, बायपासही नाही. आधी स्ट्रेस एमआरआय करू, हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का ते पाहू, मग ठरवू.

यावरून घरात रोज वाद. माझ्या वडिलांना स्टेंट बसलाय, ते ठणठणीत आहेत आणि त्यांचा एकच प्रश्न : "मला बसला तो नातवाला का नाही बसत?" भाऊ-वहिनी थकलेत. डॉक्टर सांगतात तेव्हा पटतं, पण घरी सगळ्यांना समजावताना माझंच गाडं अडतं. इथे कुणी या क्षेत्रातलं असेल किंवा या वाटेने गेलेलं असेल तर लिहा. घाबरवणारं असलं तरी चालेल, खरं असावं.

जुनाजाणता :

ताई, धीर सोडू नका. पण स्पष्ट बोलतो. मला स्वतःला दोन स्टेंट आहेत. हृदयाच्या बाबतीत 'थांबून बघू' ऐकलं की माझं डोकं फिरतं. अडथळा दिसतोय, तंत्रज्ञान आहे, मग वाट कसली बघायची? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, मी तर म्हणेन लगेच.

रात्रपाळी :

काका, दुसरं मत जरूर घ्यावं, पण कारण वेगळं हवं. मी कॅथ लॅबमध्ये (नळी घालून अँजिओग्राफी, स्टेंट करतात तिथे) काम करते, मोठ्यांच्या आणि लहानांच्या दोन्ही केसेस बघते. तुमच्या मनगटातून किंवा मांडीतून गेलेली नळी बहुधा सहा फ्रेंचची असणार, म्हणजे दोन मिलिमीटर जाड. सव्वातीन वर्षांच्या मुलाची डावी मुख्य कोरोनरी त्याहून फारशी मोठी नसते. नळीचं टोक तिच्या तोंडाशी टेकवलं की काही वेळा नळीनेच प्रवाह अडतो आणि मॉनिटरवर लगेच दिसायला लागतं. मांडीतली वाहिनीही एवढीशी, ती बंद पडायची भीती वेगळी. मूल हलू नये म्हणून पूर्ण भूल द्यावी लागते.

आणि आमच्या कपाटात खास मुलांसाठी बनवलेला कोरोनरी स्टेंट नसतो. असतात ते मोठ्यांचेच, त्यातला सगळ्यात लहान घ्यायचा.

गणिती_भुंगा :

वैद्यकातलं मला काही कळत नाही, नळ्यांतल्या प्रवाहाचं कळतं, म्हणून एवढंच. स्टेंट टाकल्यावर आतून नवं अस्तर वाढतं, ते सगळ्यांनाच वाढतं. समजा ते प्रत्येक बाजूने अर्धा मिलिमीटर वाढलं. साडेतीन मिमीच्या स्टेंटमध्ये अडीच मिमी मोकळी जागा राहते, छेदाचं क्षेत्रफळ जवळपास निम्मं. दोन मिमीच्या स्टेंटमध्ये तेवढ्याच अस्तराने एक मिमी राहते, क्षेत्रफळ चौथाई. प्रवाह तर त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून. त्रिज्या निम्मी झाली की तेवढ्याच दाबाला सोळावा हिस्सा. खऱ्या वाहिनीत गणित इतकं सरळ नसणार, पण जुनाजाणता यांचा स्टेंट आणि या बाळाचा स्टेंट यांची तुलना का होत नाही ते यातून दिसावं.

जुनाजाणता :

भुंगाराव, हे पटलं. पण मग औषध लावलेले स्टेंट असतात ना? अस्तर वाढू नये म्हणूनच असतात ते.

स्टेथो :

मी बाल-हृदयरोगतज्ज्ञ आहे. शेवंतीताई, सीटी न बघता तुमच्या भाच्याबद्दल मत देणार नाही. पण हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

औषधी स्टेंटने अस्तर कमी वाढतं, थांबत नाही. आणि धातूची जाळी वाढत नाही, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. लहानपणी हातात चढवलेलं कडं मोठेपणी निघत नाही, तसा प्रकार. पुढे आतून बलूनने थोडा फुगवता येतो, पण त्यालाही मर्यादा आहे. मोठ्या माणसाची डावी मुख्य कोरोनरी चार मिमीच्या आसपास असते, लहान स्टेंट तिथवर पोचत नाही. शिवाय पुढे बायपास करायची वेळ आली आणि टाका घालायच्या जागीच धातू असला, की सर्जन अडचणीत येतो. म्हणून तान्ह्या बाळात कोरोनरी स्टेंट हा जीव वाचवण्यासाठी, दुसरं काहीच शक्य नसताना टाकतात. शस्त्रक्रियेनंतर हृदय चालत नाही, बाळ एक्मोवर (हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावर) आहे, वाहिनी दुमडली किंवा दबली आहे, अशा वेळी टाकला जातो आणि त्याने मुलं वाचलीही आहेत. तो वेळ विकत घेण्याचा मार्ग आहे. त्या वेळेत बाळ वाढतं, मग पुढचं बघता येतं.

आता आजोबांचा प्रश्न. आजोबांच्या वाहिनीत जे झालं ते या मुलाच्या वाहिनीत झालेलंच नाही. मोठ्या वयात भिंतीत चरबीचा थर साचतो, स्टेंट तो दाबून बाजूला सारतो. कावासाकीत सूज भिंतीतले लवचिक थर तोडते, भिंत कमकुवत होऊन फुगते. मग शरीर आतून दुरुस्ती करायला लागतं, स्नायूसारख्या पेशी आतल्या बाजूला वाढतात. लहान आणि मध्यम अन्युरिझममध्ये ही दुरुस्ती बऱ्याचदा फायद्याची ठरते. निम्म्याहून जास्त अन्युरिझम एक-दोन वर्षांत आकाराने सामान्य होतात (भिंत पूर्ववत होतेच असं नाही, म्हणून तपासण्या सुरू ठेवतात). मोठ्या अन्युरिझममध्ये, म्हणजे ८ मिमी किंवा त्याहून रुंद किंवा झेड-स्कोअर (मुलाच्या आकारमानाने वाहिनी सरासरीपेक्षा किती रुंद त्याचं माप) १० किंवा जास्त, दोन त्रास होतात. आत रक्त संथ होतं म्हणून गुठळीची भीती, आणि फुगवट्याच्या आत शिरण्याच्या किंवा बाहेर पडण्याच्या जागी ही दुरुस्ती प्रमाणाबाहेर होऊन वाहिनी आवळत जाणं. आवळणं काही महिन्यांत नाही, वर्षानुवर्षं चालतं. पुढे त्यात कॅल्शियम बसतं.

बलूनचं म्हणाल, तर कॅल्शियम बसायच्या आधी, आजारानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, निवडक मुलांत उपयोग होतो. पण ही जागा कडक असते, जास्त दाब द्यावा लागतो, आणि जास्त दाबाने त्याच जागी नवा अन्युरिझम होतो. बरं करायला जावं आणि दुसरा फुगवटा देऊन यावं, असं होऊ शकतं. दगडासारख्या झालेल्या जागेसाठी हिऱ्याची पूड लावलेली फिरती टोपी असलेलं यंत्र असतं, रोटाब्लेटर. जपानमध्ये कावासाकीच्या रुग्णांत ते बरंच वापरलं गेलं. पण त्याचं साहित्य जाडसर असतं, मूल मोठं लागतं. स्टेंटही त्याच वयोगटात, म्हणजे वाहिनी बऱ्यापैकी वाढल्यावर.

बायपासवर वेगळं लिहितो, तो या धाग्याचा खरा विषय आहे.

पांथस्थ :

वाचतोय. एक शंका. लहान मुलांत चरबीमुळे अजिबातच होत नाही का?

स्टेथो :

एका आजारात होतं. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, त्यातही दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेला प्रकार. साधारण अडीच-तीन लाखांत एक. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ४००-५०० च्या पुढे, कोपर-गुडघे-टाचेवर पिवळसर गाठी, आणि कोरोनरीच्या तोंडाशी, महाधमनीच्या झडपेवर थर. पहिल्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका आलेली मुलं नोंदलेली आहेत. तिथे वाहिनी उघडणं दुय्यम, एलडीएल उतरवणं आधी : स्टॅटिन, एझेटिमाइब, पुरत नसेल तर रक्त यंत्रातून फिरवून एलडीएल काढून टाकणं, कधी यकृत प्रत्यारोपण. इव्हिनाक्युमॅब नावाचं नवं औषध आहे, त्याला एलडीएलच्या रिसेप्टरची (पेशीवरच्या एलडीएल टिपणाऱ्या भागाची) गरज लागत नाही, म्हणून या मुलांत ते चालतं. पिवळ्या गाठी दिसल्या तर त्वचेच्या डॉक्टरांवर न थांबता लिपिड तपासा, एवढं लक्षात ठेवा.

उंबरठा :

आमची गोष्ट कावासाकीची नाही, पण प्रश्न तोच, म्हणून लिहितो. मुलीला जन्मतः महारोहिण्यांची अदलाबदल होती (टीजीए). पहिल्याच आठवड्यात आर्टेरियल स्विच झालं. त्यात दोन्ही मोठ्या वाहिन्या कापून जागा बदलतात आणि कोरोनरींची तोंडं भोवतालच्या बटणाएवढ्या तुकड्यासकट उचलून नव्या महाधमनीत शिवतात. ऑपरेशन उत्तम झालं. पुढे चालायला लागल्यावरच्या तपासणीत डाव्या कोरोनरीचं तोंड आवळलेलं निघालं. तिला काही म्हणजे काही त्रास नव्हता. आम्ही म्हटलं, मशीनचा दोष असेल.

डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं ते डोक्यात बसलं : स्विचमध्ये हृदयाकडे जाणारे मज्जातंतूही कापले जातात, त्यामुळे रक्त कमी पडलं तरी छातीत दुखेलच असं नाही. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हे या मुलांना लागू नाही.

तिला ना स्टेंट टाकला ना बायपास केला. सर्जनने तोंडाची जागा उघडून, पेरिकार्डियमचा (हृदयाभोवतीच्या आवरणाचा) तुकडा शिवून ती रुंद केली. त्याला ऑस्टिअल पॅच की ऑस्टिओप्लास्टी म्हणतात. रक्त पुन्हा तिच्याच वाहिनीतून, सरळ जातं. आता बरी आहे, दरवर्षी दाखवतो.

स्टेथो :

उंबरठा, तुमच्या मुलीत अडचण अगदी तोंडाशी होती आणि पुढची वाहिनी निरोगी होती, म्हणून पॅच. शेवंतीताईंच्या भाच्यात अडचण फुगवट्याच्या पुढे आहे, तिथे पॅचचा उपयोग नाही. म्हणून 'अमक्याच्या मुलाला हे केलं' या माहितीचा उपयोग कारण आणि जागा सारखी असेल तरच.

(अवांतर : स्विचची कल्पना जुनी, पण बाळाच्या कोरोनरी हलवून शिवणं कुणाला जमत नव्हतं. ब्राझीलमध्ये अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये ते करून दाखवलं. आजही या ऑपरेशनचा सगळा जीव त्या दोन बटणांतच असतो. तिथे जरा पीळ पडला, ताण आला, की लगेच किंवा वर्षांनी असा अरुंदपणा.)

मृदगंध :

माझ्या मुलाला विल्यम्स सिंड्रोम आहे. सातव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसतो, त्यात इलॅस्टिनचं जनुक जातं आणि वाहिन्यांच्या भिंती जाड होतात. महाधमनी झडपेच्या जरा वर आवळलेली, आणि कोरोनरीच्या तोंडालाही त्याचा विळखा. आमच्याकडे महाधमनी रुंद करतानाच कोरोनरीचं तोंडही मोकळं केलं.

इथे एवढ्यासाठीच लिहितेय की असं मूल असेल तर दात काढायला, हर्नियाला, एमआरआयला, कशालाही भूल द्यायची झाली तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. भुलीत रक्तदाब उतरला की आवळलेल्या तोंडातून रक्त जात नाही आणि हृदय थांबू शकतं. 'दहा मिनिटांची तर भूल' असं आम्हालाही एकदा सांगितलं गेलं. आम्ही नाही म्हटलं आणि बाल-हृदयभूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी गेलो.

रात्रपाळी :

मृदगंधताई, +१. आमच्याकडे विल्यम्सचं मूल यादीत असलं की त्या दिवशी हसणं-खिदळणं बंद असतं.

जुनाजाणता :

डॉक्टर, बायपासबद्दल लिहिणार होतात. आणि माझा मुद्दा अजून उभा आहे. वाट बघता बघता मुलाला झटका आला तर?

स्टेथो :

रास्त प्रश्न. धोका आहे, नाही असं कुणी म्हणू नये. मात्र आजारानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत मोठ्या अन्युरिझमचा सगळ्यात मोठा धोका गुठळीचा असतो, आणि त्यावर उपाय वॉर्फरिन. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) २ ते ३ मध्ये ठेवणं हे रुक्ष काम आहे, पण या काळात बाळाला तेच वाचवतं. अगदी तान्ह्यांत वॉर्फरिन सांभाळणं कठीण जातं, म्हणून त्वचेखाली हेपॅरिनची सुई देतात. आई-बाबा रडकुंडीला येतात, तरी द्यावी लागते.

आता बायपास. कावासाकीच्या मुलांत १९७० च्या दशकात तो सुरू झाला तेव्हा मोठ्यांसारखी पायाची शीर वापरली. ती मुलाबरोबर वाढत नाही, कडक होते, बंद पडते. जपानमधले सर्जन सोइचिरो कितामुरा यांनी छातीच्या आतल्या बाजूची धमनी, आपल्याकडे सर्जन जिला 'लिमा' म्हणतात ती, मुलांत वापरायला सुरुवात केली. ती जिवंत धमनी, वरचं टोक आपल्या जागी तसंच राहतं, फक्त खालचं टोक सोडवून कोरोनरीला शिवायचं. ती मुलाबरोबर लांबीला आणि रुंदीला वाढते. त्यांनी ११४ मुलांचा पाठपुरावा २००९ मध्ये छापला : वीस वर्षांनी छातीच्या धमनीचे ८७ टक्के बायपास चालू, पायाच्या शिरेचे ४४ टक्के. या एका गोष्टीने मुलांच्या कोरोनरीचा विचार बदलला.

मग उद्याच का नाही करायचा? इथे लोक अडतात. लिमा नाजूक असते, आणि तिला काम लागतं. मूळ वाहिनीतून अजून बऱ्यापैकी रक्त जात असेल तर दोन वाटांनी येणारा प्रवाह एकमेकांशी स्पर्धा करतो, लिमातून रक्त कमी जातं, ती आकसते आणि दोऱ्यासारखी होऊन बसते. म्हणजे पुरेसा अरुंदपणा नसताना घाईने केलेला बायपास फुकट जातो, आणि सगळ्यात चांगली वाहिनी वापरून संपलेली असते. लहान मुलात तिची जाडी एक-दीड मिमी, टाके भिंगाखाली. जमतं, वर्षा-दोन वर्षांच्या मुलांतही झालंय, पण मूल थोडं वाढलं तर जास्त चांगलं जमतं.

म्हणून 'थांबू' म्हणजे नुसतं बसून राहणं नाही. स्ट्रेस टेस्टमध्ये स्नायूला रक्त कमी पडतंय, लक्षणं आली, हृदयाची पंपिंग उतरली, किंवा डाव्या मुख्य वाहिनीलाच अडथळा आहे, यातलं काहीही झालं की थांबणं संपलं. मग तीन वर्षांचा आहे की तेरा, हे कुणी बघत नाही.

जुनाजाणता :

हे आधी कुणी सांगितलं असतं तर एवढा भडकलो नसतो. स्पर्धेचा मुद्दा मला माहीतच नव्हता.

शेवंती :

डॉक्टर, हे तुमचं सगळं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. पायाच्या शिरेच्या आकड्यावर गप्प झाले.

एक विचारते. इकोमध्ये दर वेळी "ठीक आहे, बदल नाही" असंच येत होतं. मग सीटीत एकदम कसं दिसलं? इको चुकला?

स्टेथो :

चुकला नाही, त्याला तिथवर दिसत नाही. इकोत कोरोनरीची सुरुवात आणि तिथला फुगवटा छान दिसतो, पण पुढच्या फांद्या आणि विशेषतः अरुंदपणा पकडण्यात तो कच्चा. मुलं मोठी होतात, छाती जाड होते, तसा अजूनच. म्हणून मोठा अन्युरिझम असेल तर मधूनमधून सीटी किंवा अँजिओग्राफी हवीच. आणि सीटीही फक्त आकार सांगते, तेवढ्या वाटेने रक्त पुरतंय का ते नाही. त्यासाठी स्ट्रेस एमआरआय : औषधाने वाहिन्या सैल करायच्या आणि स्नायूचा कोणता भाग मागे पडतो ते पाहायचं. सहा-सात वर्षांचं मूल ट्रेडमिलवर धावू शकतं, त्याआधी हा मार्ग. मुलांत आजूबाजूच्या बारीक वाहिन्या जोडल्या जाऊन पर्यायी पुरवठा तयार होतो, तोही कमी लेखू नका. पूर्ण बंद वाहिनी असूनही खेळणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना पर्याय पुरतोय की नाही, हे एमआरआयच सांगतो.

सुप्तसूर :

विषय थोडा वेगळा, क्षमस्व. नात्यातलं बाळ तीन महिन्यांचं आहे. दूध पिताना मध्येच थांबतं, घामाने डबडबतं, पांढरं पडतं, पाय पोटाशी घेऊन रडतं. पोटदुखीचे थेंब चालू आहेत. वजन वाढत नाही. धागा वाचून भीती वाटायला लागली.

स्टेथो :

सुप्तसूर, आजच बालरोगतज्ज्ञांना "ईसीजी आणि इको करा" असं सांगा, उद्यावर टाकू नका. बहुतेक रडणाऱ्या बाळांना हृदयाचं काही नसतं. पण दूध पिताना घाम, फिकटपणा आणि वजन न वाढणं हे तिन्ही एकत्र असेल तर पोटदुखी म्हणून सोडायचं नाही. तान्ह्याला दूध ओढणं हाच व्यायाम, मोठ्यांच्या छातीत जिना चढताना दुखतं तसं त्याला पिताना.

डोक्यात असलेली एक गोष्ट म्हणजे डावी कोरोनरी महाधमनीऐवजी फुफ्फुसाच्या धमनीतून निघालेली असणं, अल्कापा. साधारण तीन लाखांत एक. जन्मल्यावर फुफ्फुसाचा दाब जास्त असतो तोवर भागतं, दोन-तीन महिन्यांत दाब उतरला की हृदयाच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं. इकोत नुसतं मोठं, कमजोर हृदय दिसतं आणि कार्डिओमायोपॅथीचा (हृदयाच्या स्नायूच्याच आजाराचा) शिक्का बसण्याचा धोका असतो. म्हणून कमजोर हृदय दिसलं की दोन्ही कोरोनरी कुठून निघतात ते नीट बघितलंय का, हे विचारायचं. वाहिनी योग्य जागी हलवून शिवली की तेच हृदय महिन्यांत सावरतं, बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

सुप्तसूर :

निघालोय.

नीलपंख :

उशिरा आले धाग्यावर. मी ती मुलगी आहे जिचा बायपास शाळेत जायच्या वयात झाला, कावासाकीमुळेच. छातीची धमनी वापरली होती. आता नोकरी करते, ट्रेकिंग करते (बेतानेच, स्ट्रेस टेस्ट बघून डॉक्टरांनी मर्यादा ठरवून दिली आहे), ॲस्पिरिन रोज.

ताई, ऑपरेशनचं सोडा, ते होऊन जातं. मुलाला मोठं करताना त्याला आजारी करू नका. मला वॉर्फरिन होतं तोवर धक्काबुक्कीचे खेळ बंद होते, ते ठीक. पण वॉर्फरिन बंद झाल्यावरही घरात कुणी पळू देत नसे. दम लागेल म्हणून नव्हे, त्यांना दम धरवत नव्हता म्हणून. आणि मोठं झाल्यावर मोठ्यांच्या डॉक्टरकडे जाताना जुनी सगळी कागदपत्रं, अँजिओच्या सीडीसकट, सोबत न्या. मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना कावासाकीची कोरोनरी रोज दिसत नाही. मला एकाने नेहमीचं ब्लॉकेज समजून स्टेंटचं सुचवलं होतं.

शेवंती :

नीलपंख, तुझी पोस्ट वहिनीला पाठवली. ती खूप वेळाने म्हणाली, "ट्रेकिंग?"

स्ट्रेस एमआरआय झाला. ताणाच्या वेळी पुढच्या भिंतीत टोकाकडे रक्त कमी पडतंय. आरामात असताना ठीक. स्नायू मेलेला नाही, डाग नाही. आता अँजिओग्राफी करून सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ एकत्र बसणार आहेत, बहुधा लिमा बायपास. म्हणजे थांबणं संपलं.

बाबांचे आता नवे प्रश्न. छातीची धमनी दोन्ही बाजूंना असते, मग डावीच का? आणि ती काढून घेतली तर मुलाची छाती नीट वाढेल का?

जुनाजाणता :

बाबांना माझा नमस्कार सांगा. हेच विचारणार होतो.

स्टेथो :

स्नायूवर डाग नाही, ही या सगळ्यातली सगळ्यात चांगली बातमी. वाचवायला सगळं शिल्लक आहे.

डावी, कारण ती एलएडीच्या अगदी शेजारून खाली उतरते, ताण न देता पोचते. उजवी तिथवर नेता येते, पण ती राखून ठेवलेली बरी. या मुलाला पुढे साठ-सत्तर वर्षं काढायची आहेत, उजव्या कोरोनरीला कधी गरज पडली तर हाताशी असावी. छातीच्या हाडाला दुसऱ्या बाजूच्या धमनीतून आणि फासळ्यांमधल्या वाहिन्यांतून रक्त मिळतं, एक बाजू वळवल्याने वाढ अडत नाही.

सर्जनला भेटाल तेव्हा हे विचारा : टाका जिथे घालणार त्या जागेची वाहिनी किती मिमी आहे, अन्युरिझमला हात लावणार की तसाच ठेवणार, ऑपरेशनआधी वॉर्फरिन थांबवून हेपॅरिन कधी सुरू करणार, आणि नंतर वॉर्फरिन किती काळ. फुगवटा जागेवर राहणार असेल तर गुठळीचा धोकाही राहतो, त्यामुळे बायपास झाला म्हणून ते लगेच सुटेल असं धरून चालू नका.

आणि तोवर सर्दी-ताप झाला तर आयबुप्रोफेन देऊ नका, ते ॲस्पिरिनचं काम अडवतं. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल. कांजिण्या किंवा फ्लूची लागण झालेलं मूल जवळपास असेल तर ताबडतोब कळवा, ॲस्पिरिनवर असताना राय सिंड्रोमचा (मेंदू आणि यकृताला इजा करणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. फ्लूची लस राहिली असेल तर ऑपरेशनची तारीख ठरायच्या आत विचारून घ्या.

शेवंती :

फ्लूची राहिली आहे. सकाळी फोन करते.